परतविणें आणि उभें ठाकणें

इंग्रजी वर्तमानपत्र वाचतां वाचतां शब्दकोश उघडण्याची पाळी ज्या घरांत येते, त्या घरांत एक अनुभव बहुधा सर्वांच्याच ओळखीचा असतो. ‘रिपेल’ हा शब्द अडला, कोश चाळला, उत्तर मिळालें ‘प्रतिकार करणें’. चार ओळी पुढें ‘रेझिस्ट’ आला. पुन्हा ‘प्रतिकार करणें’. मग ‘विदस्टँड’ आला, ‘वॉर्ड ऑफ’ आला, ‘फेंड ऑफ’ आला, आणि प्रत्येक वेळीं हे प्रतिकारमहाशय दारांत हजर! वाचणाऱ्याला वाटूं लागतें कीं, इंग्रजांच्या भाषेंत शब्दांची नुसती उधळपट्टी आहे. एका कामाला त्यांनीं दहा नोकर ठेविले आहेत. वस्तुतः हे दहाहि नोकर निरनिराळीं कामें करीत असतात. नकोशी गोष्ट दारीं आली असतां कोणी तिला मागें लोटतो, कोणी दारांत पाय रोवून उभा राहतो, कोणी काठीच्या टोकानें तिला चार हात दूर ठेवतो, तर कोणी ती येण्याच्या आधींच उंबऱ्यावर कांहीं बंदोबस्त करून ठेवतो. हा भेद ध्यानांत घेतला नाहीं म्हणजे वाक्य चुकतें एवढेंच नव्हे. घडलेली हकीकतच कधीं कधीं उलटी होऊन बसते.

१९४४ सालच्या मार्च महिन्यांतील एक प्रसंग पाहावा. जपानी सैन्य ब्रह्मदेशांतून निघून इंफाळ आणि कोहिमा ह्यांच्या रोखानें मणिपुरच्या डोंगरांत शिरलें होतें. वाटेंत सांगशाक नांवाचें एक नागा खेडें लागतें. तेथें पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पाणी थोडें, खंदक खणावयास जावें तर दोनतीन फुटांखालीं कातळ, आणि समोर लावावयास कांटेरी तार नाहीं. अशा जागीं त्या फौजेनें सुमारें सहा दिवस झुंज दिली. त्या दिवसांत जपान्यांच्या अनेक चढाया मागें लोटल्या गेल्या. परंतु शेवटीं २६ मार्चच्या रात्रीं ती जागा सोडून निघून जाण्याचा हुकूम आला, आणि सांगशाक शत्रूच्या हातीं पडलें. मात्र ह्या सहा दिवसांत मागच्या बाजूस कोहिमा आणि इंफाळ येथें सिद्धतेला अवधि मिळाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत कोहिमाला वेढा पडला. २० एप्रिलला तेथल्या दमलेल्या शिबंदीची सुटका झाली, आणि २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता पुन्हा मोकळा झाला.

ह्या हकीकतीचें मराठी करतांना ‘जपानी हल्ल्याचा प्रतिकार करण्यांत आला’ असें एकच वाक्य कोणी प्रत्येक ठिकाणीं लिहिलें, तर वाचकाला काय कळणार? सांगशाक राहिलें कीं गेलें? इंग्रजी लेखक येथें निदान तीन क्रियापदें तीन जागीं योजील. एकेक चढाई मोडून काढली गेली, ती ‘रिपल्स’ झाली. सहा दिवसांच्या एकंदर झुंजीला तो ‘रेझिस्ट’ म्हणेल. त्यांत अखेर कोण जिंकलें ह्याविषयीं एक अक्षरहि नाहीं. जूनमध्यें जपानी सैन्य ज्या वाटेनें आलें त्या वाटेनें परत लोटलें गेलें, त्याला ‘ड्राइव्ह बॅक’ किंवा ‘रिपेल’. सांगशाकच्या मराठा शिपायांनीं शत्रूला ‘रिपेल’ केलें असें लिहिणें म्हणजे खोटा विजय त्यांच्या पदरीं बांधणें होय. आणि त्यांनीं तें केलें नाहीं म्हणून कांहींच केलें नाहीं असें समजणें हा त्याहून मोठा अन्याय होय. हा तोल एका ‘रेझिस्ट’ ह्या शब्दानें सांभाळला जातो.

तो कसा सांभाळला जातो, हें शब्दाच्या मुळाशीं गेल्यावर दिसतें. ‘रिपेल’मध्यें लॅटिन भाषेंतील ‘पेल्लेरे’ हा धातु आहे. त्याचा अर्थ ढकलणें, हाकणें. मागें ‘रि’ लागला कीं झालें मागें ढकलणें. ह्याच घराण्यांतला ‘एक्स्पेल’ शाळेंतून मुलाला बाहेर काढतो, ‘कंपेल’ माणसाला भाग पाडतो, आणि ‘प्रोपेल’ आगबोटीच्या पंख्याला आपलें नांव देतो. डॉक्टर मनगट धरून जी ‘पल्स’ मोजतात तीहि ह्याच धातूची लेक. रक्ताचा तो ठोका आहे. तेव्हां ‘रिपेल’मध्यें हालचाल जी आहे ती समोरच्याची. तो आला होता आणि आतां तो जात आहे. तो गेला नसेल तर ‘रिपेल’ झालेंच नाहीं.

‘रेझिस्ट’चें कूळ निराळें. ह्यांत लॅटिन ‘सिस्तेरे’ आहे, म्हणजे उभें राहणें, उभें करणें. मॅट्रिकला संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला ‘स्था’ धातूचें ‘तिष्ठति’ हें रूप आठवत असेल. ‘सिस्तेरे’ आणि ‘तिष्ठति’ हीं सख्खीं भावंडें. दोघांतहि धातूचा पहिला वर्ण दोनदां उच्चारण्याची तीच जुनी लकब आहे. म्हणजे ‘रेझिस्ट’ करणारा मुळांत कोणाला कांहींहि करीत नाहीं. तो नुसता तिष्ठतो. समोरच्याचें पुढें काय झालें, तो परतला, थांबला कीं अंगावरून निघून गेला, हें क्रियापद सांगत नाहीं. मराठींत ‘तिष्ठणें’ म्हणजे दुसऱ्याच्या दारांत ताटकळणें असा दीन अर्थ त्या बिचाऱ्या धातूला आला. लॅटिनमध्यें त्याच धातूला ताठ कणा मिळाला, हा दैवाचा खेळ. परंतु मराठीला ह्याची उणीव नाहीं. ‘पाय रोवून राहणें’, ‘उभें ठाकणें’, ‘न डगमगणें’ हे प्रयोग ‘रेझिस्ट’च्या अगदीं अंगालगतचे आहेत, आणि ‘प्रतिकार’ ह्या जड शब्दापेक्षां कितीतरी जिवंत आहेत.

‘विदस्टँड’ हा तर इंग्रजांचा घरचाच शब्द. त्यांतहि ‘स्टँड’ म्हणजे उभें राहणें. पण त्याच्या आधीं ‘विद’ कां? ‘विद’ म्हणजे ‘सह’, आणि सह उभें राहणें म्हणजे तर सोबत करणें! ह्या कोड्याचें उत्तर असें कीं, जुन्या इंग्रजींत ‘विद’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘सह’ हा अर्थ मागाहून आला आणि त्यानें जुन्या मालकाला घराबाहेर काढलें. ‘विदस्टँड’सारख्या एखाद्या कोनाड्यांत तेवढा जुना अर्थ टिकून राहिला. मराठी माणसाला ह्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. मराठींतला ‘शीं’ हा प्रत्यय हेंच करतो: मित्राशीं बोलावें तेंहि ‘शीं’, आणि शत्रूशीं लढावें तेंहि ‘शीं’. सलगी आणि वैर दोन्ही समोरासमोर आल्यावांचून होत नाहींत, एवढेंच त्यांतलें तत्त्व.

आतां दुसरी एक जात पाहावी. इंग्रज लोक आपल्या लहान क्रियापदांना ‘बॅक’ आणि ‘ऑफ’ अशीं शेपटें लावतात, आणि पुष्कळदां सगळा अर्थ त्या शेपटांतच असतो. ‘बॅक’ म्हणजे जेथून आला तेथें परत. ‘ऑफ’ म्हणजे नुसता अंगापासून दूर. मग तो दहा कोस गेला कीं दहा बोटें, ह्याशीं ‘ऑफ’ला कर्तव्य नाहीं. ‘स्टेव्ह ऑफ’ हें ह्याचें नमुनेदार उदाहरण. ‘स्टाफ’ म्हणजे काठी. तिच्या अनेकवचनावरून ‘स्टेव्ह’ हें रूप निघालें. जुन्या इंग्लंडांत अस्वलाला खांबाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा एक क्रूर खेळ चाले. १८३५ सालीं कायद्यानें तो बंद झाला. त्या खेळांत जनावरांना काठ्यांनीं एकमेकांपासून दूर ठेवीत, त्या कृतीशीं ‘स्टेव्ह ऑफ’चा संबंध जोडतात. खेळ गेला, शब्द राहिला. आणि काठीचा मूळ धर्महि त्यांत राहिला. काठीनें दूर ठेवलेला कुत्रा पळून गेलेला नसतो. काठी खालीं येण्याची वाट पाहत तो तेथेंच गुरगुरत असतो. म्हणून इंग्रजींत भूक, दिवाळें, पराभव ह्या गोष्टी ‘स्टेव्ह ऑफ’ होतात. मूठभर चुरमुऱ्यांनीं भूक ‘स्टेव्ह ऑफ’ होते. जेवण झालें असें त्यांतून कोणी समजूं नये. एखादी कंपनी दिवाळें ‘स्टेव्ह ऑफ’ करीत आहे असें वाचून भागीदारांनीं निश्चिंत झोपणेंहि बरोबर नाहीं.

ह्याच शेजारचा प्रयोग म्हणजे ‘कीप ॲट बे’. येथील ‘बे’चा खाडीशीं कांहीं संबंध नाहीं, शिकारी कुत्र्यांच्या भुंकण्याशीं तो शब्द जुळलेला आहे. धांवून थकलेलें हरीण अखेर वळतें, शिंगें रोखून उभें राहतें, आणि भोंवतीं कुत्रे भुंकत राहतात. ह्या स्थितीला ‘ॲट बे’ म्हणतात. लँडसीअर ह्या चित्रकाराचें १८४६ सालचें प्रसिद्ध चित्र ह्याच प्रसंगाचें आहे. गंमत अशी कीं, कुत्र्यांनीं हरणाला कोंडून धरलें तरी ‘ॲट बे’, आणि हरणानें कुत्र्यांना दूर धरलें तरी ‘ॲट बे’. कोणी कोणाला रोखून धरलें आहे, हें त्या क्षणीं खरोखरच सांगतां येत नाहीं, आणि भाषेनें तो प्रामाणिक संशय जसाच्या तसा ठेविला आहे.

‘वॉर्ड ऑफ’ला मात्र काठी लागत नाहीं. ‘वॉर्ड’ म्हणजे राखणें. रेल्वेचा ‘गार्ड’ आणि इस्पितळाचा ‘वॉर्ड’ हे मूळचे एकच. एक फ्रान्सकडून फिरून आला, दुसरा घरींच राहिला. ‘वॉर्ड ऑफ’मध्यें आधीं राखण आहे आणि मग दूर ठेवणें. मराठी घरांत ह्याचें उदाहरण पाळण्यांतच सांपडतें. बाळाच्या गालाला आई काजळाची तीट लावते, तें दृष्ट ‘वॉर्ड ऑफ’ करण्यासाठीं. पुढें बाळ रडूं लागलें म्हणून आजी मीठमोहऱ्या ओवाळून चुलींत टाकते, तेव्हां दृष्ट लागून चुकलेली असते. तेथें ‘वॉर्ड ऑफ’ म्हणतां येणार नाहीं. तिटेचा वेळ आणि मीठमोहऱ्यांचा वेळ ह्यांत जें अंतर, तें ज्याला कळलें त्याला हें क्रियापद पुन्हा शिकविण्याची गरज नाहीं.

‘फेंड ऑफ’ हें ‘डिफेंड’चें डोकें उडवून केलेलें रूप. कुंपणाला ‘फेन्स’ म्हणतात तें ‘डिफेन्स’चें तसेंच छाटलेलें पोर, आणि धक्क्याला लागतांना आगबोट घासूं नये म्हणून तिच्या कडेला दोरांचे गठ्ठे लोंबत असतात, ते ‘फेंडर’. त्यांनीं धक्का परतवायचा नसतो, आघात तेवढा सोसायचा असतो. ‘पॅरी’ हें तलवारबाजांचें क्रियापद. समोरचा वार आपल्या पात्यावर घेऊन बाजूला काढणें. त्याचें कूळ इटालियन आणि फ्रेंच. ऊन अडविणारी छत्री ‘पॅरासोल’, छाती झांकणारा गच्चीचा कठडा ‘पॅरापेट’, आणि पडणें अडविणारें ‘पॅराशूट’, हीं सर्व त्याच गोत्रांतलीं. सांगशाकच्या ब्रिगेडीचें नांव तेंच. तेथें मात्र तिला आकाशांतून उतरावयाचें नव्हतें. आजकाल ‘पॅरी’चा उपयोग तलवारीपेक्षां प्रश्नांकडेच अधिक होतो. मंत्र्यानें वार्ताहरांचे प्रश्न ‘पॅरी’ केले ह्याचें मराठी ‘प्रश्नांचा प्रतिकार केला’ असें करणाऱ्याला काय म्हणावें! मंत्र्यानें प्रश्न टोलविले, असें विटीदांडू खेळलेला कोणताहि मुलगा सांगेल.

बैठकींतल्या भाषेंत तर हीं क्रियापदें विलक्षण वागतात. ज्याला पाहून मन मागें सरतें तो ‘रिपल्सिव्ह’. त्यानें कोणाला हात लावलेला नसतो, तरी तो सर्वांना परतवीत असतो. उलट ‘इर्रेझिस्टिबल’ म्हणजे ज्याच्यापुढें उभें राहवत नाहीं तें, आणि ही बहुधा स्तुति! मोहाला इंग्रज ‘रेझिस्ट’ करतो. मोह ‘रिपेल’ केला असें तो सहसा म्हणत नाहीं. ह्यांत मनुष्यस्वभावाची बरीच जाण आहे. मोह परतत नाहीं. पाय रोवून राहिलें तर फार तर पुढें निघून जातो. डांस मात्र ‘रिपेल’ होतात, निदान बाटलीवर तसें छापलेलें असतें.

मराठीनें एका ठिकाणीं इंग्रजीपेक्षां अधिक लढाऊ शब्द केला आहे. शरीराच्या ज्या गुणाला इंग्रज ‘इम्युनिटी’ म्हणतो, त्याला मराठींत ‘रोगप्रतिकारशक्ति’ असें नांव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सार्वजनिक सेवेंतून किंवा करांतून मिळालेली माफी, इतका शांत. इंग्रजी शरीर रोगाच्या करांतून माफ झालें. मराठी शरीर रोगाशीं झुंजलें. आणि ‘रेझिस्टन्स’ हा शब्द वैद्यकांत कधीं कधीं शत्रूच्याच गोटांत जाऊन बसतो: औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना ‘रेझिस्टंट’ म्हणतात. पेनिसिलिनचा वापर अपुरा झाला तर असे जंतु निपजतील, हा इशारा फ्लेमिंग ह्यांनीं १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता. जो उभा राहील त्याचें हें क्रियापद. तो सज्जन कीं दुर्जन ह्याची चौकशी तें करीत नाहीं.

म्हणूनच ज्यांच्याजवळ शत्रूला परत लोटण्याचें बळ उरलेलें नसतें, त्यांना हा शब्द जवळचा वाटतो. १९४० सालच्या जूनमध्यें फ्रान्सची फौज मोडली होती, पॅरिस पडलें होतें, आणि १७ जूनला पेतँ ह्यांनीं लढाई थांबविण्याची भाषा काढली होती. दुसऱ्याच दिवशीं जनरल द गॉल लंडनच्या बी. बी. सी.वरून आपल्या देशबांधवांशीं बोलले. त्या भाषणांत ‘रेझिस्टान्स’ हा फ्रेंच शब्द आला, आणि पुढें तो एका सबंध चळवळीचें नांव झाला. ‘रिपेल’ करण्याची गोष्ट त्या दिवशीं कोणी बोलला असता, तर ऐकणाऱ्यांनीं यंत्र बंद केलें असतें.

ह्याच शब्दाशीं एका हिंदी माणसाचें त्याहून कितीतरी आधीं भांडण झालें होतें. १९०२ च्या शिक्षणाच्या कायद्याविरुद्ध इंग्लंडांतील कांहीं पंथीयांनीं पट्टी भरण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांना ‘पॅसिव्ह रेझिस्टर’ म्हणत. पुढें ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरांत ट्रान्सवालच्या हिंदी लोकांनीं नव्या नोंदणीच्या कायद्यापुढें न वांकण्याची शपथ घेतली. त्यांच्या चळवळीला तेंच आयतें नांव चिकटलें. मराठींत त्याचें ‘निःशस्त्र प्रतिकार’ झालें. गांधींनीं आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासांत एका सभेचा प्रसंग दिला आहे. जर्मिस्टन येथें गोऱ्या लोकांच्या सभेंत हॉस्केन नांवाच्या, हिंदी लोकांना अनुकूल अशा गृहस्थांनीं गांधींची ओळख करून देतांना सांगितलें कीं, हे लोक संख्येनें थोडे, मताधिकार नसलेले, निःशस्त्र आणि दुबळे आहेत, म्हणून त्यांनीं दुबळ्यांचें हें हत्यार उचललें आहे. हॉस्केन ह्यांचा हेतु चांगला होता. शब्दानें त्यांना फसविलें. ‘पॅसिव्ह’ म्हटल्यावर दुबळेपणा ओघानेंच आला. गांधींना आपलें ठरविलेलें भाषण बाजूस ठेवून त्या एका शब्दाचें निराकरण करीत बसावें लागलें.

तोंपर्यंत ‘इंडियन ओपिनियन’मधून नव्या नांवासाठीं बक्षीस जाहीर करण्यांत आलें होतें, किंवा लौकरच होणार होतें; क्रम कसाहि असला तरी कारण हेंच. मगनलाल गांधी ह्यांनीं ‘सदाग्रह’ सुचविलें. गांधींनीं तें बदलून १९०८ च्या आरंभीं ‘सत्याग्रह’ केलें. ह्या शब्दाची घडण न्याहाळण्यासारखी आहे. ‘रिपेल’मध्यें ‘रि’ आहे, ‘विदस्टँड’मध्यें ‘विरुद्ध’ अर्थाचा ‘विद’ आहे, ‘प्रतिकारां’त ‘प्रति’ आहे. प्रत्येक शब्दाच्या आरंभीं शत्रूला एक खुर्ची मांडलेली आहे. ‘सत्याग्रहां’त ती नाहीं. ‘ग्रह्’ म्हणजे धरणें. काय धरलें आहे तें सांगितलें, कोणाविरुद्ध तें सांगितलें नाहीं. उभें राहण्याच्या कल्पनेंतून ‘रेझिस्ट’ निघाला होता, त्याच्याहि एक पाऊल मागें जाऊन हा शब्द उभा राहिला.

इंग्रजीला ह्याचें भाषांतर करतां आलें नाहीं. तिनें तो तसाच उचलून आपल्या कोशांत ठेविला. अडचण आली ती क्रियापदाची. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वर्ध्याजवळ पवनार येथें विनोबांनीं युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. अशा प्रसंगांचें वर्णन करतांना हिंदुस्थानांतल्या इंग्रजी लेखणीनें ‘ऑफर’ हें क्रियापद जवळ केलें: अमक्यानें सत्याग्रह ‘ऑफर’ केला. इंग्रज मूळचाच ‘रेझिस्टन्स ऑफर’ करीत आला आहे, पाहुण्याला खुर्ची पुढें करावी तसा. तोच सांचा येथें उपयोगी पडला. ‘टू सत्याग्रह’ असें क्रियापद मात्र इंग्रजींत रूढ झालें नाहीं.